आधी अक्वामॅनचा खंड घ्या

तुमचा प्रश्न असा आहे: 'थ्रोन ऑफ अटलांटिस' हा डीसी कॉमिक्सचा क्रॉसओव्हर, म्हणजे दोन मालिकांत वाटलेली एकच गोष्ट, कोणत्या क्रमाने वाचायचा, आणि अक्वामॅनसारख्या दुय्यम हिरोवर पैसे घालण्यात अर्थ आहे का?

क्रम आधी सांगून टाकतो. अक्वामॅन १४, मग जस्टिस लीग (सुपरहिरोंच्या संघाची मालिका) १५, अक्वामॅन १५, लीग १६, अक्वामॅन १६, आणि शेवट लीग १७ मध्ये. दोन्ही मालिका तेव्हा जेफ जॉन्सच लिहीत होता, त्यामुळे धागा कुठे तुटत नाही. सुटे अंक शोधत बसू नका, पुस्तकच घ्या. पण कोणतं पुस्तक? खरी मेख तिथे आहे आणि त्यावरून आमच्या घरात एक अख्खा पावसाळा भांडणात गेला. ते सांगतोच, पण त्याआधी तुमच्या 'दुय्यम' या शब्दाबद्दल बोलायचंय.

मी कोळीवाड्यात वाढलो. घराच्या दोन्ही बाजूंना वलांडीवर बोंबील सुकत असायचे आणि शाळेचा शर्टही तिथेच दोरीवर. वर्गात माझ्या शेजारचा मुलगा पहिले काही दिवस नाकाला रुमाल लावून बसायचा. कॉमिक्सचं वेड दादाने लावलं. तो रद्दीवाल्याकडून इंग्रजी कॉमिक्स किलोवर आणायचा, त्यात बॅटमॅन-सुपरमॅन त्याचे आणि उरलेले माझे. एकदा अक्वामॅन माझ्या वाट्याला आला. दादा म्हणाला, "घे, तुझा मासेवाला." शाळेत मलाही तेच म्हणायचे, हे त्याला ठाऊक होतं. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण तेव्हापासून अक्वामॅनबद्दल कोणी वेडंवाकडं बोललं की मला लागतं.

टीव्हीवरच्या जुन्या 'सुपर फ्रेंड्स' कार्टूनपासून या माणसाची जगभर चेष्टा होत आली. समुद्रघोड्यावर बसणारा, माशांशी बोलणारा, बाकीच्यांच्या मागे उभा राहणारा. २०११ मध्ये जॉन्सने मालिका नव्याने सुरू केली तेव्हा त्याने ही चेष्टाच उचलून पहिल्या अंकात घातली. आर्थर, म्हणजे अक्वामॅन, समुद्रकाठच्या एका हॉटेलात जातो आणि फिश अँड चिप्स मागवतो. आजूबाजूचे लोक चाट पडतात, मासे कसा खातो हा? एक ब्लॉगवाला येऊन समोर बसतो आणि तोंडावर विचारतो की कोणाचाच आवडता सुपरहिरो नसणं कसं वाटतं. आर्थर उठतो आणि जाताना वाढणाऱ्या बाईसाठी सोन्याची नाणी ठेवून जातो. इव्हान रेइसने त्या पानांवर आर्थरचा चेहरा काढलाय तो बघा. राग आहे, पण बोलून दाखवायचा नाही असं ठरवलेला राग. शाळेतून घरी येताना माझा चेहरा तसाच असायचा. त्यामुळे पैसे घालण्यात अर्थ आहे का, याला माझं उत्तर 'हो' आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही.

आता पुस्तकाचं. 'थ्रोन ऑफ अटलांटिस' नावाची पुस्तकं दोन आहेत. एक अक्वामॅन मालिकेचा तिसरा खंड, दुसरा जस्टिस लीग मालिकेचा तिसरा खंड. नाव तेच, कथा बरीचशी तीच. अक्वामॅनच्या खंडात अक्वामॅन ०, १४ ते १६ आणि लीग १५ ते १७ आहेत. लीगच्या खंडात लीग १३ ते १७ आणि अक्वामॅनचे फक्त १५ आणि १६. म्हणजे लीगच्या खंडात सुरुवातीला वंडर वुमनची शत्रू चीता हिची एक वेगळीच गोष्ट आहे आणि अक्वामॅन १४ नाही.

हे मला २०१४ मध्ये माहीत नव्हतं. दादा तोपर्यंत लग्न करून ऐरोलीला राहायला गेला होता आणि एका बांधकाम कंपनीत लागला होता. मी बाबांबरोबर होडीवर. त्या पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, मी पडवीत जाळी सांधत बसायचो आणि दुपारी 'थ्रोन ऑफ अटलांटिस' वाचायचो. दादाने त्याच्याकडे तेच पुस्तक घेतलंय असं फोनवर कळलं. आम्ही दोघांनी वाचलं आणि भांडण सुरू झालं.

भांडण ऑर्मवरून. गोष्ट थोडक्यात अशी: अमेरिकी नौदलाच्या सरावात सोडलेली क्षेपणास्त्रं भरकटतात आणि समुद्राखालच्या अटलांटिस राज्यावर पडतात. तिथला राजा ऑर्म, म्हणजे ओशन मास्टर, आर्थरचा सावत्र भाऊ. तो याला हल्ला समजतो आणि उत्तर देतो. मेट्रोपोलिस, गॉथम, बॉस्टन पाण्याखाली जातात. आर्थर लीगला सांगतो की मला त्याच्याशी बोलू द्या. लीगला त्याला बेड्या घालायच्यात. मग आर्थर आपल्याच मित्रांच्या अंगावर जातो.

दादा म्हणायचा, "ऑर्म खुनी आहे. क्षेपणास्त्र कोणी सोडलं याची चौकशी न करता शहरं बुडवायची?" मी म्हणायचो, "चौकशी कोणाकडे करायची? खालच्यांचं वर कोणी ऐकतं का?" तो म्हणायचा की ऑर्मला काही व्यक्तिमत्त्वच नाही, नुसता मुकुट घातलेला राक्षस आहे. मला कळेना की याने हेच पुस्तक वाचलंय की दुसरंच काही. दर रविवारी फोनवर तेच. एकदा वहिनीने फोन काढून घेतला आणि मला म्हणाली, "भाऊजी, तुम्ही दोघं कोणाच्या इस्टेटीवरून भांडताय?"

नारळी पौर्णिमेला तो घरी आला. दर्याला नारळ देऊन झाला, जेवणं झाली, आणि मी माझं पुस्तक आणून त्याच्यासमोर उघडलं. म्हटलं, हे पान बघ. दोघे भाऊ लाट येण्याआधी भेटतात ते पान. आर्थरचा जुना शत्रू ब्लॅक मँटा याच्या उचापतींमागे ऑर्म आहे असा आर्थरला संशय असतो, तो तोंडावर विचारतो. ऑर्म नाही म्हणतो. दोघांत प्रेम आहे, अविश्वास आहे, आणि ऑर्मच्या बोलण्यात भाऊ हरवल्याचं दुःख आहे. दादाने पान दोनदा उलटलं आणि म्हणाला, "हे माझ्या पुस्तकात नाही."

त्याने पिशवीतून त्याचं काढलं. खाटेवर दोन्ही शेजारी ठेवली. नाव तेच. त्याच्याकडे पुढे चीता, माझ्याकडे पुढे तरुण आर्थर आणि अटलांटिसचा जुना सल्लागार वल्को यांची पहिली भेट. दोन महिने आम्ही एकाच नावाच्या दोन वेगळ्या पुस्तकांवर भांडत होतो. त्याने ऑर्मला पहिल्यांदा पाहिलं ते लाटेबरोबर. मी पाहिलं ते भावाशी बोलताना.

म्हणून सांगतो, आधी अक्वामॅनचा खंड घ्या. दोन्ही घ्यायची गरज नाही, पाच अंक दोन्हींकडे सारखेच आहेत.

वाटलं होतं दादा आता मान्य करेल. नाही केलं. म्हणाला, "भेटले म्हणून काय झालं? पाणी तर सोडलंच ना?" आणि मग म्हणाला, "तू २६ जुलैला समुद्रकाठी होतास, मी कुर्ल्यात होतो." ते खरं होतं. २००५ च्या त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि दादा छातीभर पाण्यातून दुसऱ्या दिवशी पहाटे घरी पोचला होता. वाटेत काय काय पाहिलं ते त्याने आईला कधीच सांगितलं नाही. मेट्रोपोलिसवर लाट येते ते पान त्याला बघवत नाही. मला ते चित्र म्हणून भव्य वाटतं, त्याला त्यात माणसं दिसतात.

त्यावर माझं उत्तर तेव्हा तयार नव्हतं, आता देतो. आमचं डोल जाळं भरतीच्या तोंडाला लावतात, पाणी त्यातून वाहतं आणि जे येईल ते शेवटच्या निमुळत्या भागात साठतं. लहानपणी ते टोक सोडलं की होडीत बोंबील, मांदेली, जवळा पडायचा. आता आधी हात घालून दुधाच्या पिशव्या काढाव्या लागतात, गुटख्याच्या पुड्या, एका पायाची चप्पल, थर्माकोल. बाबा काहीही न बोलता एका बाजूला टाकत जातात आणि मासळी दुसऱ्या बाजूला. काही दिवशी पहिला ढीग मोठा असतो. कुर्ल्याची गटारं ज्या पिशव्यांनी तुंबली, त्याच पिशव्या आमच्या जाळ्यात येतात, दादा. खालून कोणी वर पाणी सोडलं नव्हतं. ऑर्मचा राग मला कळतो तो यामुळे.

आणि हा राग जॉन्सने शोधून काढलेला नाही. सुपरहिरोंचा पहिला मोठा क्रॉसओव्हरच मुळी समुद्रातून आला. १९४० मध्ये 'मार्व्हल मिस्टरी कॉमिक्स'च्या आठव्या आणि नवव्या अंकात बिल एव्हरेटचा समुद्रातला राजपुत्र नेमोर न्यूयॉर्कवर तुटून पडतो आणि कार्ल बर्गोसचा ह्यूमन टॉर्च त्याला अडवतो. पाणी विरुद्ध आग, दोघांचे चित्रकार वेगळे. पुढच्या वर्षी नेमोर न्यूयॉर्कवर समुद्रच आणून सोडतो. त्याचं कारण काय? १९३९ च्या त्याच्या पहिल्या गोष्टीत बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या स्फोटांत त्याचे लोक मेलेले असतात. १९६२ मध्ये तो 'फँटास्टिक फोर'मध्ये परततो तेव्हा अणुचाचण्यांनी त्याचं शहर उद्ध्वस्त झालेलं असतं. दर वेळी पहिला घाव वरून पडलेला असतो आणि चित्रात मोठी दिसते ती खालून आलेली लाट.

म्हणूनच पडद्यावरच्या ऑर्मवर माझा राग आहे. २०१५ च्या अॅनिमेशनपटात तो स्वतःच कटात सामील आहे आणि आईला मारतो. २०१८ च्या चित्रपटात पाणबुडीचा हल्ला तोच घडवून आणतो. असा ऑर्म दाखवला की प्रश्नच संपतो, वाईट माणूस वाईट वागला, घाला तुरुंगात. कॉमिकमध्ये तो खरंच फसवला गेलेला आहे. (इथून पुढचं रहस्य फोडणारं आहे, वाचलं नसेल तर हा परिच्छेद सोडा.) क्षेपणास्त्रं वळवणारा वल्को आहे, आर्थरला गादीवर बसवण्यासाठी. आणि शहरं बुडवण्याची जी युद्धयोजना ऑर्म राबवतो, ती आखण्यात आर्थरचाच हात होता. हे तो बॅटमॅनला सांगतो तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. दादाचं म्हणणं असं की आर्थरने आखली पण वापरली नाही, फरक तोच. हे त्याचं सर्वात चांगलं वाक्य आहे, आणि मला अजून ते खोडता आलेलं नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. पुस्तक निर्दोष नाही. लीगच्या अंकांत सुपरमॅन आणि वंडर वुमनचं प्रेमप्रकरण चालू आहे, ते आधीच्या लीगच्या अंकांतून येतं, इथे त्याचा काही उपयोग नाही, पानं उलटा. लीगचं चित्रकाम रेइसकडे गेलं आणि अक्वामॅनचं पॉल पेलेटियरकडे आलं, त्यामुळे दर अंकाला चेहरे थोडे बदलतात, सवय होते. शेवटी सगळं लीग १७ मध्ये फार घाईत आटपलंय. आणि शहरांत मेलेल्या माणसांची आठवण कोणी नीट काढत नाही, यावर दादा बरोबर आहे. अक्वामॅनचे पहिले दोन खंड आधी वाचले तर उत्तम, निदान पहिला, त्यात समुद्रतळाच्या खंदकातले प्राणी येतात आणि ते इथे परत येतात. २०१८ चा 'ड्राऊन्ड अर्थ' हा क्रॉसओव्हर मात्र आत्ताच घेऊ नका, त्यात परग्रहावरचे समुद्रदेव आहेत, पाण्याने माणसांचे जलराक्षस होतात, आणि इतकी पात्रं आहेत की भावाभावांची गोष्ट शोधूनही सापडत नाही.

लीगचाच खंड आधी हातात पडला असेल तर थांबा, अक्वामॅन १४ डिजिटलवर एकटा मिळवा आणि तो आधी वाचा. मग पूर्ण वाचून झाल्यावर ऑर्मला अमेरिकेच्या तुरुंगात टाकणं बरोबर होतं का, ते इथे खाली लिहा. मोकळेपणाने लिहा, दादाच्या बाजूने असलात तरी. येत्या नारळी पौर्णिमेला तो येईल तेव्हा त्याला वाचून दाखवेन.