सर्वात कमी दराची निविदा स्वीकारणे लहान नगरपालिकेवर बंधनकारक असते का?

नाही, सर्वसाधारण नियम असा असतो की, निविदेतील अटी पूर्ण करणाऱ्या पात्र ठेकेदारांपैकी ज्याचा दर सर्वात कमी असेल त्याला काम द्यावे, केवळ आकडा लहान आहे म्हणून कोणालाही नव्हे. याचा आधार निविदा सूचनेतच सापडतो: बहुतेक ठिकाणी अनुभव, यंत्रसामग्री व बयाणा रक्कम (निविदेसोबत भरायची अनामत) तपासणारा तांत्रिक लिफाफा आधी उघडला जातो आणि त्यात पात्र ठरलेल्यांचेच दर पुढे पाहिले जातात. अंदाजपत्रकापेक्षा फारच खाली गेलेल्या दराकडे मात्र विशेष लक्ष द्यायला हवे, कारण तो तोटा ठेकेदार पुढे, उदाहरणार्थ रस्त्याच्या कामात, डांबराचा थर पातळ करून, खडीचे दबाईकाम अर्धवट ठेवून किंवा वाढीव कामाची बिले लावून भरून काढण्याची शक्यता असते, आणि देखरेखीला जेमतेम एखादा अभियंता असलेल्या गावात ते वेळीच लक्षात येणे कठीण जाते. अशा वेळी दराचे पृथक्करण (तो दर कोणकोणत्या खर्चातून आला याचा तपशील) मागवणे, अतिरिक्त सुरक्षा अनामत घेणे आणि दोषदायित्वाचा कालावधी (काम झाल्यावर निघालेले दोष ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत) संपेपर्यंत ती रक्कम न सोडणे हे उपाय नगरपालिकेच्या हाती असतात. एक मर्यादा मात्र आहे: सर्वात कमी दर नाकारायचा असेल, तर त्याची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि ती सूचनेत आधीच जाहीर केलेल्या निकषांवर आधारलेली असावी लागतात, लिफाफे उघडल्यानंतर नवा निकष लावल्यास तो निर्णय न्यायालयात टिकणे अवघड असते.