एकाच ट्रायलमधले दोन स्कोअर: एक ओळ की दोन?

प्रश्न: नमस्कार मॅडम, मी पीजीला आहे, डिप्रेशनच्या औषधांवरच्या ट्रायल्सचं मेटा-अ‍ॅनालिसिस करतेय, म्हणजे सगळ्यांचे आकडे एकत्र करून एक उत्तर काढतेय. बऱ्याच पेपरांत डिप्रेशन मोजणारे हॅमिल्टन आणि बेक असे दोन्ही स्कोअर आहेत, म्हणून मी टेबलात प्रत्येकाला वेगळी ओळ दिली, तर गाइड म्हणतात असं चालत नाही. बरं, दोन्ही स्कोअरमधलं कोरिलेशन (ते किती बरोबरीने वर-खाली होतात) कुणीच छापलेलं नाही. मग करायचं काय?

उत्तर: गाइडचं बरोबर आहे गं. हॅमिल्टन डॉक्टर भरतो, बेक पेशंट स्वतः भरतो, पण पेशंट तेच ना! दोन ओळी घातल्यास की सॉफ्टवेअरला वाटतं दुप्पट माणसं आली, त्या ट्रायलचं वजन वाढतं आणि कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरं उत्तर ज्या पट्ट्यात असावं तो) उगाच बारीक होतो.

आकड्यात बघ. दोन्ही गटांत ५०-५० पेशंट असले तर प्रत्येक स्कोअरच्या एसएमडीचा (दोन गटांतला फरक, स्टँडर्ड डेव्हिएशनच्या मापात) स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाजातली अनिश्चितता, साधारण ०.२ येतो. दोन्हींची सरासरी काढलीस आणि कोरिलेशन शून्य धरलंस तर एरर ०.१४ दिसतो, पण कोरिलेशन ०.८ असेल तर खरा एरर ०.१९, म्हणजे दुसऱ्या स्कोअरने नवीन असं फारसं काही सांगितलेलंच नाही. आणि गंमत म्हणजे सरासरीऐवजी दोन्हींतला फरक तपासायला गेलीस की सगळं उलटं होतं, शून्य धरल्यावर एरर ०.२८ आणि खरा ०.१३ च्या आसपास, त्यामुळे ‘शून्य धरलं की आपण सेफ’ असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

कोरिलेशन न छापणं हा सगळ्यांच्याच डोक्याला ताप आहे. आधी लेखकांना मेल टाक, कच्चा डेटा मिळाला तर उत्तमच. नाहीतर ०.५, ०.७, ०.९ असं धरून तीनदा चालव आणि निष्कर्ष हलतो का ते बघ, हलला तर तसं थीसिसमध्ये स्पष्ट लिही. त्याच्या जोडीला रोबस्ट व्हेरियन्स वापर, हेजेस, टिप्टन आणि जॉन्सन यांनी २०१० मध्ये मांडलेली पद्धत, त्यात धरलेला आकडा थोडा चुकला तरी स्टँडर्ड एरर सावरून घेतला जातो, फक्त ट्रायल्स कमी असतील तर स्मॉल-सॅम्पल करेक्शन लावायला विसरू नकोस. आर हे सॉफ्टवेअर वापरत असशील तर मेटाफॉर पॅकेजमध्ये व्हीकॅल्क नावाचं फंक्शन आहे, ते कोव्हेरियन्स मॅट्रिक्स (स्कोअर एकमेकांशी किती जोडलेले ते सांगणारा तक्ता) बनवून देतं.

मल्टिव्हेरिएट मॉडेलचा, म्हणजे दोन्ही स्कोअर एकत्र बसवणाऱ्या मॉडेलचा, खरा फायदा कधी, तर काही ट्रायल्सनी एकच स्कोअर दिलेला असतो तेव्हा. सगळीकडे दोन्ही असतील तर वेगवेगळं केलेलं आणि हे, उत्तर बहुतेक वेळा जवळपास सारखंच येतं. पाच-सहाच ट्रायल्स असतील तर त्या वाटेला जाऊच नकोस, ट्रायलगणिक दोन्ही स्कोअरचे परिणाम किती बरोबरीने बदलतात ते कोरिलेशन थेट १ किंवा उणे १ वर जाऊन अडकतं. त्यापेक्षा प्रोटोकॉलमध्ये आधीच एक स्कोअर ठरवलेला बरा. आधीच, हां. रिझल्ट बघून नव्हे.