अमेरिकेत हायस्कूल बेसबॉलचा अंपायर व्हायचंय; क्रिकेटचा अनुभव कामी येईल का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात क्लब क्रिकेट खेळलात, थोडं अंपायरिंगही केलंत, आता न्यू जर्सीत आहात आणि मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात आहे. जरूर या. मीही इथे हेच काम करतो आणि माणसं कमी पडतात हे दर मोसमात दिसतं.

आधी व्हिसा पाहा. सामन्याचं मानधन मिळतं आणि अंपायर सहसा स्वतंत्र कंत्राटदार धरला जातो. एच-१बीवर असाल तर ते पैसे घेणं म्हणजे परवानगीबाहेरचं काम. ग्रीन कार्ड असेल तर प्रश्नच नाही. शंका असेल तर इमिग्रेशन वकिलाला विचारा, ऑफिसातल्या मित्रांना नको.

बाकी रीत सोपी आहे. राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेत नोंदणी (इथे ती एनजेएसआयएए), जवळच्या अंपायर संघटनेचं सदस्यत्व, हिवाळ्यातले वर्ग, नियमांची परीक्षा आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी. सुरुवातीला फ्रेशमन (नववीचा संघ) आणि जेव्ही (ज्युनियर व्हर्सिटी, शाळेचा दुसरा संघ) सामने मिळतात, व्हर्सिटीला, म्हणजे शाळेच्या मुख्य संघाच्या सामन्यांना, वेळ लागतो. नियमपुस्तक एनएफएचएसचं (शालेय खेळांची राष्ट्रीय संघटना), त्यामुळे टीव्हीवर पाहिलेलं सगळं लागू होत नाही. सामना सात इनिंग्जचा. पिचरने (चेंडू टाकणाऱ्याने) बॉक केला, म्हणजे बेसवर धावपटू असताना नियमबाह्य हालचाल केली, की चेंडू तिथल्या तिथे डेड. मेजर लीगमध्ये त्याच चेंडूवर पुढे खेळ चालू राहू शकतो.

आता क्रिकेटबद्दल. चेंडूवर नजर ठेवायची सवय सोन्यासारखी आहे, पण दोन गोष्टी मोडाव्या लागतात. क्रिकेटमध्ये अपील झाल्याशिवाय आपण आउट देत नाही. इथे बेस चुकवला, झेलाआधी बेस सोडला अशा मोजक्या प्रसंगी अपील लागतं. बाकी कुणी विचारो न विचारो, निर्णय तुम्हीच द्यायचा. बॅटरने न खेळलेल्या प्रत्येक चेंडूवर स्ट्राइक (ठरलेल्या जागेतून गेलेला) की बॉल (त्याबाहेरून गेलेला) ते सांगायचं.

दुसरी सवय एलबीडब्ल्यूची. तिथे चेंडू पुढे कुठे गेला असता याचा आपण अंदाज बांधतो. स्ट्राइकमध्ये तो अंदाज घात करतो. १७ इंच रुंद प्लेटवरून (बॅटरसमोर जमिनीत बसवलेली पाटी), गुडघ्यापासून खांदा आणि कंबर यांच्या मध्यापर्यंतच्या जागेतून चेंडू गेला का, एवढंच पाहायचं. कर्व्हबॉल (हवेत वळून खाली येणारा चेंडू) त्या जागेतून जाऊन कॅचरच्या ग्लोव्हमध्ये अगदी खाली विसावतो, तरी तो स्ट्राइकच. म्हणून बॅटर आणि कॅचर यांच्यामधल्या फटीत उभं राहायचं, हनुवटी साधारण कॅचरच्या डोक्याच्या उंचीवर, मान स्थिर. चेंडू ग्लोव्हमध्ये जाऊ द्या, क्षणभर थांबा, मग बोला. चांगला अंपायर मला या थांबण्यावरूनच ओळखू येतो. ‘फाउल’ (चेंडू मैदानाच्या बाजूच्या रेषांबाहेर) हा शब्द तर फारच जपून उच्चारावा, कारण एकदा ओरडलात की खेळ थांबतो. फेअर, म्हणजे रेषांच्या आतल्या, चेंडूला तोंड उघडायचंच नाही, फक्त हात मैदानाकडे दाखवायचा.

हायस्कूलला बहुतेक वेळा दोनच अंपायर असतात, एक प्लेटमागे, एक बेसवर. त्यामुळे पळावं लागतं, आणि कुठल्या वेळी कुणी कुठे जायचं हे पाठ असावं लागतं. पहिल्या बेसवर नजर बॅगवर (बेसच्या गादीवर) आणि कान ग्लोव्हमध्ये पडणाऱ्या चेंडूच्या आवाजाकडे. नव्या माणसाने आधी बेसवरचे सामने मागून घ्यावेत असं माझं स्पष्ट मत आहे, जरी काही ज्येष्ठ उलट सांगतात.

सामानाला काही शे डॉलर जातात. मास्क आणि चेस्ट प्रोटेक्टर निवृत्त होणाऱ्या अंपायरकडून घेतलेत तरी चालेल, पण तडे गेलेत का ते नीट तपासा. पुढे पोलादी टोपण असलेले प्लेट शूज मात्र स्वतःच्या मापाचे घ्या. फाउल गेलेला चेंडू पायावर बसला की खर्च वसूल.

आरडाओरड्याची भीती वाटत असेल तर एवढंच धरून ठेवा: मुख्य कोच नियमाबद्दल शांतपणे विचारायला आला तर त्याचं पूर्ण ऐका आणि थोडक्यात उत्तर द्या. बॉल-स्ट्राइकवर वाद घालू देऊ नका. कुंपणापलीकडच्या पालकांना कधीच उत्तर देऊ नका. प्रकरण वाढलं तर यजमान शाळेच्या अधिकाऱ्याला बोलावून त्याला निस्तरू द्या. पोरं मात्र बहुतेक सभ्य असतात, कॅचरशी तर छान गट्टी जमते.

आणखी एक. सामने वाटून देणाऱ्या असाइनरला मुलाच्या शाळेचं नाव पहिल्याच दिवशी कळवा. त्या शाळेचा एकही सामना घेऊ नका, जेव्हीचाही नाही.