पीयूसीमुळे गाड्यांचं प्रदूषण खरंच कमी होतं का, की तो नुसता कागद आहे?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. गावाकडे गाडी न नेताच पीयूसी मिळते, मग या तपासणीचा हवेला उपयोग काय? आणि तुमची २०१३ ची डिझेल पिकअप रेस केली की काळा धूर ओकते, ती पास कशी करायची? मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी गॅरेज चालवतो. पिकअप, काळीपिवळी आणि दुचाक्या हीच रोजची कामं. त्यामुळे यावर माझं मत ठाम आहे: तपासणी कामाची आहे, पण नापास झालेली गाडी दुरुस्तीला गेली तरच. आपल्याकडे गाडी नापासच होत नाही, आणि सगळं तिथेच अडतं.

आधी मशीन काय मोजतं ते पाहा. पेट्रोल गाडीच्या सायलेन्सरमध्ये नळी घालतात, इंजिन गरम आणि आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता नुसतं चालू. मशीन त्या धुरातून इन्फ्रारेड किरण सोडून कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि हायड्रोकार्बन (न जळलेलं इंधन) किती पीपीएम, म्हणजे दहा लाखांत किती भाग, ते सांगतं. २००० नंतरच्या जुन्या फोर-स्ट्रोक दुचाकीला मर्यादा ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम. बीएस-४ कारला मात्र फक्त ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. (बीएस म्हणजे भारत स्टेज, नव्या गाडीच्या धुरासाठी सरकारने ठरवलेली पातळी; आकडा जितका मोठा तितका नियम कडक.) डिझेलचं वेगळं. तिथे ॲक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबून इंजिन पूर्ण रेसवर न्यायचं, असं ओळीने काही वेळा, आणि धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजायचं. बीएस-४ च्या आधीच्या डिझेल गाडीला या प्रकाश अडण्याच्या आकड्याची मर्यादा २.४५, बीएस-४ ला १.६२. हे आकडे सर्टिफिकेटवर छापलेले असतात. ते कोणी वाचत नाही, ही मला फार खटकणारी गोष्ट आहे.

गडबड होते ती नेमकी इथे. ऑपरेटरने पाय अर्धाच दाबला तर डिझेलचा धूर अर्धासुद्धा दिसत नाही. पेट्रोलची नळी पुरती आत घातली नाही किंवा सायलेन्सरला भोक असलं की बाहेरची हवा मिसळते आणि रीडिंग आपोआप खाली येतं. काही जण तपासणीच्या दिवसापुरतं इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपाचं डिझेल कमी करून घेतात, सर्टिफिकेट हातात पडलं की संध्याकाळी पुन्हा वाढवतात, कारण कापसाचा माल भरून घाट चढायला गाडी ओढली पाहिजे. माझ्याकडेही हे काम घेऊन येतात. मी करत नाही, तर बाजूच्या गॅरेजला जातात. आणि तुम्ही लिहिलंय तो प्रकार तर सर्रास: "भाऊ, गाडी राहू द्या, नंबरप्लेटचा फोटो टाका व्हॉट्सअ‍ॅपवर." २०२१ पासून देशभर एकाच नमुन्याचं सर्टिफिकेट आलं, त्यावर क्यूआर कोड आला, नोंद थेट सरकारच्या 'वाहन' या गाड्यांच्या नोंदणी यंत्रणेत जाते. कागद आता खोटा नसतो. खोटं असतं त्यावरचं रीडिंग.

हे फक्त आपल्याच भागात होतं असं समजू नका. दिल्ली विधानसभेत २०२५ मध्ये कॅगचा (सरकारी हिशेब तपासणारी संस्था) गाड्यांच्या प्रदूषणावरचा एक अहवाल मांडला गेला. त्यात २०१५ ते २०२० च्या काळातल्या पीयूसीच्या नोंदी तपासल्या होत्या. तपासलेल्या सुमारे २२ लाख डिझेल गाड्यांपैकी २४ टक्क्यांचं रीडिंगच नोंदवलेलं नव्हतं. १ लाखाहून जास्त पेट्रोल-सीएनजी गाड्यांचं रीडिंग मर्यादेच्या वर होतं आणि तरी त्यांना पास केलं होतं. एकाच सेंटरवर एकाच वेळी दोन गाड्या तपासल्याच्या नोंदीही सापडल्या. राजधानीत, सर्वोच्च न्यायालयाच्या नजरेखाली हे चालत असेल, तर तालुक्याच्या पेट्रोल पंपाशेजारी उभ्या पीयूसीच्या व्हॅनमध्ये काय चालत असेल ते तुम्हीच समजा. सेंटरवाल्याचाही विचार करा. एका दुचाकीमागे त्याला मिळणारी रक्कम फार थोडी, मशीन बरोबर मोजतंय ना याची तपासणी (कॅलिब्रेशन) त्याच्याच खर्चाने. चार गाड्या नापास केल्या की पाचवा गिऱ्हाईक दुसऱ्या व्हॅनकडे जातो. प्रामाणिकपणाचा तोटा ज्याला सोसावा लागतो त्याच्याच हातात आपण निकाल दिलाय.

मग जगात कुठे हे चाललंय का? चाललंय, पण अपेक्षेपेक्षा कमी. अमेरिकेत १९७० च्या दशकापासून अशा तपासण्या आहेत. तिथल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००१ मध्ये त्यांचा आढावा घेतला, तेव्हा कागदी हिशेबात धरलेली घट प्रत्यक्षात मिळत नव्हती. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: साधारण दहातली एक गाडी निम्मं किंवा त्याहून जास्त प्रदूषण करते. कॅनडात ब्रिटिश कोलंबियाने १९९२ ला सुरू केलेली तपासणी २०१४ ला बंद केली, आँटारियोने १९९९ ची २०१९ ला. गाड्या नव्या झाल्या, नापास होणाऱ्या थोड्या उरल्या, आणि बाकीच्यांना दरवेळी रांगेत उभं करण्यात अर्थ राहिला नाही.

आपली परिस्थिती त्याच्या उलट आहे. देशभर बीएस-६ आलं १ एप्रिल २०२० ला, दुचाक्यांनाही इंजेक्शन आलं. ती गाडी कॉलेजच्या पोरीची स्कूटी असो की मास्तरांची बाइक, सहसा नापास होत नाही. पण शहरात जुनी झालेली डिझेल गाडी मोडीत जात नाही, ती गावाकडे येते. नागपूर-पुण्याहून सेकंडहँड म्हणून घेतलेली, दोनदा इंजिन उघडलेली, तीच आपल्याकडे काळीपिवळी म्हणून किंवा भाजीची गाडी म्हणून पुढची दहा वर्षं पळते. दहातली ती एक गाडी आपल्याकडे आहे आणि तिच्याच मालकाला फोटोवर सर्टिफिकेट मिळतं. शाळा सुटल्यावर चौकात पोरं उभी असतात, गाडी वळते आणि धुराचा लोट थेट त्यांच्या तोंडावर येतो. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केलंय. मला याचा राग येतो, आणि तो स्कूटीवाल्या पोरीला चालान फाडून शांत होणारा नाही.

तपासणीची आणखी एक मर्यादा सांगायला हवी, कारण बरेच जण पीयूसी म्हणजे सगळ्या प्रदूषणाची चाचणी समजतात. नायट्रोजनचे ऑक्साइड ती मोजतच नाही. डोळ्याला न दिसणारे बारीक कणही धूर मोजणाऱ्या मशीनच्या हाती लागत नाहीत. बीएस-६ डिझेलला सायलेन्सरच्या लाइनमध्ये कण अडवणारा फिल्टर असतो. तो चोकअप होतो म्हणून काही ठिकाणी कापून काढतात, वर गाडीचं सॉफ्टवेअर बदलतात. अशी गाडी आपल्या धूर-चाचणीत आरामात पास होते. बेल्जियमने २०२२ मध्ये, नेदरलँड्स आणि जर्मनीने २०२३ मध्ये कण मोजणारं यंत्र तपासणीत आणलं ते यासाठीच. आपल्याकडे हे आज ना उद्या लागेल.

दंडाची भीती घालून काम होईल का, हेही कोणीतरी विचारेल. मोटार वाहन कायद्यात कलम १९०(२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आहेच. पण पोलीस रस्त्यावर कागद पाहतो, धूर पाहत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पीयूसीशिवाय विमा नूतनीकरण करू नये असं सांगितलं होतं. त्याने लोकांचा विमाच सुटायला लागला, म्हणून २०२४ मध्ये ती अट काढली. माझं म्हणणं एवढंच की कागदाची सक्ती आणखी वाढवू नका. तो वेळ आणि माणसं जुन्या व्यावसायिक डिझेल गाड्यांवर लावा. त्यांची चाचणी पासिंगच्या वेळी माणसाचा हात न लागणाऱ्या मशीनवर व्हावी, आणि नापास झाली तर दुरुस्तीचं बिल दाखवल्याशिवाय पुन्हा चाचणी नको.

आता तुमची पिकअप. २०१३ ची आपल्या भागातली म्हणजे बीएस-३ असणार, तेव्हा मर्यादा २.४५ आणि पीयूसी दर सहा महिन्यांनी. सर्टिफिकेट काढण्याआधी सेंटरवर नुसतं रीडिंग घ्यायला सांगा, पूर्ण रेसवर. मग एअर फिल्टर उघडा. कापसाच्या सीझनमध्ये जिनिंग कारखान्यासमोर रांगेत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत मला फिल्टरच्या घड्यांमध्ये रुईचा पातळ थर दिसतो, त्यावर काळ्या मातीची धूळ बसून तो नमद्यासारखा घट्ट झालेला. उन्हाकडे धरला तर पलीकडचं काही दिसत नाही. इंजिनाला हवाच मिळत नसेल तर डिझेल जळणार कसं? झटकून पुन्हा लावू नका, नवा घ्या. एवढ्याने बऱ्याच गाड्यांचा काळा धूर निम्म्यावर येतो.

नाही आला तर नोझल (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) काढून टेस्टरवर दाब द्या. फवारा बारीक आणि सारखा पडला पाहिजे. थेंब गळत असतील तर नोझल बदला. मग टॅपेटची (व्हॉल्व्हची) सेटिंग आणि डिझेल पंपाचं टायमिंग पाहा. धूर काळा नसून निळसर असेल तर नोझलवर पैसे घालू नका, गाडी ऑइल खातेय, पिस्टनच्या रिंगा पाहाव्या लागतील. पंपाचं डिझेल मुळात कोणी वाढवून ठेवलंय का हे मात्र आधी विचारून घ्या. सेकंडहँड गाडीत हे हमखास सापडतं, सील तुटलेलं दिसतं. दुरुस्तीनंतर त्याच सेंटरवर पुन्हा रीडिंग घ्या आणि दोन्ही आकडे इथे लिहा, पंप कोणता आहे तेही. म्हणजे पुढे काय उघडायचं ते सांगता येईल.