इंग्रजीतल्या 'सेट' या एका शब्दाचे इतके अर्थ कसे? ते सगळे पाठ करावे लागतात का?

तुमचं म्हणणं असं की इंग्रजी पेपर वाचताना 'सेट' दर चार ओळींनी भेटतो, दर वेळी वेगळाच अर्थ निघतो, डिक्शनरी उघडली तर पानंच्या पानं, मग हे पाठ करायचं का. अजिबात नको. पाठ करत बसलात तर वेड लागेल. मी बरीच वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करून पोट भरतोय, वॉशिंग मशीनच्या माहितीपुस्तिकेपासून कोर्टाच्या कागदांपर्यंत वाट्टेल ते येतं, आणि मोठमोठ्या जडजंबाल शब्दांनी दिला नसेल तेवढा त्रास मला या तीन अक्षरी कार्ट्यानं दिलाय.

आकडे आधी सांगून टाकतो, नाहीतर कुणीतरी कमेंटमध्ये विचारणारच. ऑक्सफर्डचा जो वीस खंडांचा मोठा कोश आहे, १९८९ ची दुसरी आवृत्ती, त्यात सगळ्यात लांब नोंद 'सेट'चीच होती. ४३० अर्थ आणि साधारण ६०,००० शब्द, म्हणजे एक बऱ्यापैकी कादंबरीच झाली. नंतर तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं त्यात 'रन'नं त्याला मागे टाकलं, नुसत्या क्रियापदाचे ६४५ अर्थ निघाले आणि ती एक नोंद तयार करायला एका संपादकाला नऊ महिने लागले. बाळंतपणच म्हणायचं.

पण घाबरू नका. मला स्वतःला हा शब्द कळला तो डिक्शनरीतून नाही, मराठीतून कळला. इंग्रजीत 'सिट' म्हणजे बसणे, आणि 'सेट' हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणे. जुन्या इंग्रजीपासून हे नातं आहे. आता आपलं 'बसवणे' घ्या आणि बघा कसं पटापट जुळतंय. सोनार कोंदणात खडा बसवतो, इंग्रजीत तो सेट करतो. मोडलेलं हाड डॉक्टर बसवतात, तिकडे सेट करतात. कवितेला चाल लावून ती सुरात बसवतात, तिथेही सेटच. कोंबडी अंड्यांवर बसवतात, तिथेसुद्धा इंग्रज शेतकरी हाच शब्द वापरतो! केस चापूनचोपून बसवणं, घडी बसवणं, नियम घालून देणं, हे सगळं एकाच घरातलं. सूर्याचं तर मला फार आवडतं, आपल्याकडे तो मावळतो, कोकणात बुडतो, आणि इंग्रजीत बिचारा दिवसभर फिरून खाली जाऊन बसतो.

घट्ट होणं हा अर्थसुद्धा इथूनच आलाय. जे बसलं ते हलत नाही, म्हणून सिमेंट सेट होतं, जेली सेट होते, डाग सेट होतो. आपण नाही का म्हणत, डाग पक्का बसलाय म्हणून.

आता एक खरा नमुना देतो. मागे एका वॉशिंग मशीनची पुस्तिका केली, त्यात एकाच पानावर हा शब्द पाच वेळा आला होता. मशीन सपाट जागेवर सेट करा, तिथे मी 'ठेवा' लिहिलं. रबरी पायांचा सेट सोबत दिला आहे, तिथे 'संच'. वाहतुकीसाठी लावलेले बोल्ट काढून सेट असाइड करा, तिथे 'जपून बाजूला ठेवा', कारण घर बदलताना ते पुन्हा लागतात. बटण कॉटनवर सेट करा, तिथे 'फिरवून आणा'. आणि डाग सेट व्हायच्या आत धुवा, तिथे 'पक्का बसायच्या आत'. पाच जागा, पाच मराठी शब्द, आणि एकातही मी 'सेट' ठेवला नाही याचा मला उगाचच अभिमान वाटत होता. तपासणाऱ्या बाईंनी बटणाच्या ठिकाणी परत 'सेट करा' करून टाकलं. म्हणाल्या, लोक असंच बोलतात. बरोबरच होतं त्यांचं.

खरी फजिती कोर्टाच्या कागदात झाली. खालच्या कोर्टाचा आदेश वरच्या कोर्टानं 'सेट असाइड' केला असं वाक्य होतं, मी नवीन होतो, बोल्टांसारखंच ठेवलं की, 'आदेश बाजूला ठेवण्यात आला'. वकिलांनी फोन करून विचारलं, अहो बाजूला ठेवला म्हणजे काय, नंतर बघू म्हणून कपाटात ठेवला का? तिथे त्याचा अर्थ रद्द केला, रद्दबातल ठरवला. तीच गत 'सेट ऑफ'ची. रोजच्या बोलण्यात सेट ऑफ म्हणजे प्रवासाला निघणं, दिवाळीत फटाके उडवणं, आणि कायद्यात वजावट. इन्कम टॅक्समध्ये तोटा नफ्यातून वजा करतात ते सेट ऑफ, आणि जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ४२८ मध्ये आरोपीनं खटला चालू असताना तुरुंगात काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात तेही सेट ऑफ. तेव्हा मागे-पुढे ऑफ, असाइड, इन, आउट, अप असं काही चिकटलं असेल तर 'सेट'कडे एकट्याकडे बघायचंच नाही, ती जोडी म्हणजे नवीन शब्द समजायचा. 'सेट इन' तर हवामान खात्याच्या बातमीत हमखास भेटतो, मान्सून केरळात सेट इन झाला, आणि त्याला आपल्याकडे झकास शब्द आहे, पावसानं ठाण मांडलं. बघा, परत बसणंच आलं.

आता तुम्ही म्हणाल की टी-सेट, डिनर सेट, दागिन्यांचा सेट, नववीच्या बीजगणितातला पहिलाच धडा 'संच', यात कुठे आलं बसणं? बरोबर शंका आहे, कारण हा मुळात वेगळाच शब्द आहे. तो लॅटिन 'सेक्टा'वरून जुन्या फ्रेंचमधून आला, सेक्टा म्हणजे मागोमाग जाणारे लोक, पंथ, आणि इंग्रजीत आल्यावर आवाज सारखा म्हणून दोन्ही शब्द एकमेकांत इतके मिसळले की आता कुठला कुणाचा अर्थ हे सांगणं अवघड. एका आडनावाची दोन घराणी एकाच वाड्यात राहायला लागली तसं.

आणि गंमत पुढेच आहे. बसवणाऱ्या 'सेट'चं मूळ आणि आपल्या संस्कृत 'सद्' धातूचं मूळ एकच, त्या सद्-वरून सदन, संसद, उपनिषद. सोबत जाणाऱ्या 'सेक्टा'चं मूळ आणि आपला 'सच्' धातू एक, त्यावरून सचिव, म्हणजे मूळचा सोबती. थोडक्यात एका सेटच्या पोटात संसद आहे आणि दुसऱ्याच्या पोटात सचिव. दोघांमध्ये सामान्य माणूस गोंधळणारच ना.

आपण मराठीवाल्यांनीही त्याला नुसतं उसनं आणलं नाही, चांगलं वापरून घेतलंय. पोरगा पुण्यात सेट झालाय, सलूनमध्ये दाढी सेट करून द्या, वड्या थापून सेट व्हायला ठेवा, आणि 'सेटिंग' तर विचारूच नका, कॉलेजात एक अर्थ आणि टेंडरमध्ये दुसरा. या दुसऱ्या अर्थाला इंग्रजही दचकेल. प्राध्यापक व्हायला जी सेट परीक्षा देतात ती मात्र यात धरू नका, ती नुसती आद्याक्षरं आहेत.

एवढ्या अर्थांचं आपल्याला नवल वाटायचं खरं तर काही कारण नाही. आपलं 'लागणे' बघा की. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, फोन लागतो, सूर लागतो, दृष्ट लागते, दार लागतं, आणि वर पैसेही लागतात. मोल्सवर्थचा जुना मराठी-इंग्रजी कोश घरी असेल तर 'लागणे' काढून बघा एकदा, आपण हे सगळं कधी शिकलो असा प्रश्न पडेल.

माझ्यासोबत एक तमिळ सहकारी होता, मराठी शिकायची फार हौस. आम्ही कामासाठी साताऱ्याला चाललो होतो, खंबाटकी घाटात पुढच्या सीटवरच्या मुलाला उलटी झाली तेव्हा मी त्याला समजावलं की याला गाडी लागणं म्हणतात. त्यानं लगेच वहीत लिहून घेतलं. दोन दिवसांनी परतताना सातारा स्टँडवर उभे होतो, तेवढ्यात एक काका पिशव्या उचलत घाईघाईनं ओरडले, 'अगं चल चल, गाडी लागली!' आणि हा पठ्ठ्या खिशातून लिंबू काढून त्यांच्याकडे पळाला.