आधी झाडाखाली बघ

पोरी,
अनेक आशीर्वाद.

फोटो मिळाले. सिडनीत येऊन दोनच महिने झाले आणि बाल्कनीच्या कठड्यावरचा पांढरा काकाकुवा एवढा छान टिपलास. पण जरा मोठा करून बघ. छातीवर एक पीस वेगळं दिसत नाही, नुसता चुना फासलाय. मागची झाडी गर्द, त्यामुळे कॅमेऱ्याला वाटलं अंधार आहे, आणि त्याने उजेड वाढवला. उन्हात पांढऱ्या पक्ष्याला एक्स्पोजर, म्हणजे फोटोत येणारा उजेड, पाऊण-एक स्टॉप (कॅमेऱ्यातलं उजेडाचं माप) खाली घेत जा. आणि बिस्किट घालून बोलावला असशील, तर ते आजपासून बंद. या मंडळींना आपण लाडावून ठेवायची गरज नाही. याच शहरात ती एकमेकांचं बघून कचऱ्याच्या डब्यांची झाकणं उघडायला शिकली आहेत.

आता तुझा खरा प्रश्न. ग्लॉसी ब्लॅक, म्हणजे तो लाजरा काळा काकाकुवा, कुठे दिसेल? पक्षी शोधू नकोस, त्याचं झाड शोध. तो जवळजवळ फक्त शी-ओकच्या बोंडांतल्या बियांवर जगतो. शी-ओक म्हणजे आपल्या सुरूचे चुलतभाऊ. काशीदला सुरूच्या बनातून अनवाणी चालली असशील, तर ती टोचरी बोंडं तुझ्या तळव्यांना आठवत असतील. बहुतेक शी-ओकमध्ये नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बोंडं फक्त मादीवर. त्यातही हे महाराज चोखंदळ. शेजारची लगडलेली झाडं सोडून पुन्हा पुन्हा ठरावीक झाडावरच येतील.

माझं पहिलं वर्ष. सिडनीच्या नैर्ऋत्येला सदर्न हायलँड्स नावाचा डोंगराळ भाग आहे, तिथे सकाळपासून मान वर करून हिंडलो. दुपारी थकून एका झाडाखाली डबा उघडला, तर पोळीवर भुसा पडला. झटकला. पुन्हा पडला. वर बघितलं तर जोडी निवांत जेवत होती, माझ्यासारखीच. मी धडपडत उठलो, कॅमेऱ्याचा पट्टा डब्यात अडकला, भाजी सांडली आणि दोघंही गेली. शेपटीतला लाल रंग तेवढा झाडीत चमकला. त्या दिवशीचा एकमेव फोटो रिकाम्या फांदीचा आहे. अजून ठेवलाय.

तेव्हा आधी झाडाखाली बघ. सोललेल्या बोंडांचा चुरा पडलेला असतो. ताजा असेल तर फिकट, दुधाळ; जुना झाला की तपकिरी पडतो. ताजा दिसला की पंधरा-वीस पावलं मागे सरून बस आणि कान दे. खाताना ते फारसे बोलत नाहीत, बोंड फुटल्याचं बारीक कट्... कट्... तेवढं येतं. बोंड बहुधा डाव्या पायात धरलेलं असतं. ते फिरवत फिरवत चोचीने सोलतात, आणि मधेच डोकं वळवून तुझ्याकडे बघतात. बटण दाबायचं ते तेव्हा. डोक्यावर पिवळे डाग असतील तर ती मादी. नराचं डोकं साधं तपकिरी, पण शेपटीतला लाल पट्टा सलग; मादीच्या लालात काळ्या आडव्या रेघा.

प्रकाशाचं गणित इथे उलटं. पांढऱ्या आकाशासमोर काळा पक्षी म्हणजे नुसती सावली. एक्स्पोजर वाढवलंस तर पक्षी दिसतो, पण आकाश जळून जातं. त्यापेक्षा उताराच्या वरच्या बाजूला बस, म्हणजे त्याच्या पाठीमागे समोरची टेकडी येईल. हलकं ढगाळ हवामान असेल तर सोन्याहून पिवळं. सकाळ हुकली तरी हिरमुसू नकोस. कोरड्या बिया खाऊन तहान लागते, त्यामुळे दिवस मावळताना ते पाण्यावर उतरतात.

एक गोष्ट मात्र मी हट्टाने सांगणार. ढोली सापडली तर तिचा फोटो काढू नकोस, जागा कुणाला सांगू नकोस. मलाही नको. जोडी एका वेळी एकच अंडं घालते, आणि जुन्या निलगिरीच्या झाडात एवढी मोठी ढोली व्हायला शंभरहून जास्त वर्षं लागतात. २०१९-२०च्या वणव्यांत यांची खाण्याची झाडंही भरपूर जळाली; २०२२ साली आग्नेय ऑस्ट्रेलियातले ग्लॉसी संकटग्रस्त पक्ष्यांच्या राष्ट्रीय यादीत गेले. मोबाइलवर आवाज वाजवून बोलावणारे फोटोग्राफर तुला भेटतील. त्यांचे फोटो तुझ्यापेक्षा सरस असतील. असू देत.

शनिवारी जाणार म्हणालीस. पाणी दोन लिटर ने, मोजे पँटवर ओढून घे, पाऊस झाला असेल तर जळवा असतात. मोठी लेन्स पहिल्या फेरीत घरीच राहू दे. चुरा दिसला की फोनवर फोटो काढून पाठव, ताजा की शिळा ते मी सांगतो.

तुझा,
काका