गाड्यांचं अ‍ॅव्हरेज सुधारलं, तरी वाहतुकीचं इंधन आणि कार्बन का वाढतो?

कारण अ‍ॅव्हरेज हा हिशेबाचा एक तुकडा आहे. किती माणसं, किती लांब, कशातून जातात आणि ते वाहन किती भरलेलं असतं, यावर बाकीचं ठरतं.

पुण्यातलंच बघा. घर स्वस्त मिळतं म्हणून माणूस गावाबाहेर राहायला जातो आणि ऑफिस १८ किलोमीटरवर पडतं. जाऊन-येऊन ३६. ट्रॅफिकमध्ये कार लिटरला १२ देते असं धरू, म्हणजे रोज ३ लिटर पेट्रोल. एक लिटर जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे एकट्या माणसामागे रोज जवळपास ७ किलो! तेच अंतर लिटरला ३ किलोमीटर देणारी डिझेल बस ५० जणांना घेऊन गेली, तर माणशी साधारण साडेसहाशे ग्रॅम. बस अर्धी रिकामी असेल तर हाच आकडा दुप्पट होतो, हेही लक्षात ठेवा. म्हणून मला नवीन फ्लायओव्हरपेक्षा दर दहा मिनिटांनी येणारी बस जास्त महत्त्वाची वाटते. रस्ता मोकळा झाला की माणसं आणखी लांब घर घेतात, आणि गाड्या पुन्हा तेवढ्याच होतात.

इंधनाचे भाव, पगार यांचाही परिणाम होतोच.

मालाचंही तसंच. कोकण रेल्वे १९९९पासून भरलेले ट्रक वाघिणींवर, म्हणजे मालगाडीच्या सपाट डब्यांवर, चढवून नेते. तेवढा घाट ट्रकचं इंजिन बंद! २०२२मध्ये त्या मार्गाचं विद्युतीकरणही पूर्ण झालं. मात्र वीज कोळशाची असेल, तर धूर गाडीतून न निघता वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतो.